एफ सार्थ, पण एकही टी सार्थ नाही: मल्टिपल रिग्रेशनच्या तक्त्यातील नेहमीच्या बिघाडाचे निवारण

तालुक्याच्या वाणिज्य महाविद्यालयांतील प्रकल्प-अहवाल, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे भाव-अंदाज आणि जिनिंगच्या (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या) हिशेबनिसांनी हौसेने मांडलेली गणिते माझ्याकडे दुरुस्तीला येत असतात, आणि त्यांतील बऱ्याच जणांचे दुखणे एकच असते. रिग्रेशनचा, म्हणजे एका चलाची (बदलत्या राशीची) सांगड इतर चलांशी घालणाऱ्या गणिताचा, तक्ता वरच्या भागात उत्तम दिसतो आणि खालच्या भागात कोसळतो. विद्यार्थी घाबरून सगळे चल निरर्थक ठरवतो किंवा मनाला येईल तो चल काढून टाकतो. दोन्ही गोष्टी करण्याआधी पुढील तपासण्या याच क्रमाने कराव्यात. पहिल्या दोन-तीन तपासण्यांना फक्त डोळे आणि थोडा संयम लागतो, आणि बरीच प्रकरणे तिथेच निकालात निघतात.

लक्षणे

- आर-वर्ग (ज्याचा अंदाज बांधायचा त्या चलातील चढउताराचा जेवढा भाग मॉडेल समजावते तो) मोठा आहे, सगळ्या चलांची एकत्रित एफ-चाचणी ठणठणीत सार्थ आहे, म्हणजे निकाल निव्वळ योगायोगाचा वाटत नाही, पण एकाही चलाचे पी-मूल्य (परिणाम मुळात नसताना असा निकाल योगायोगाने येण्याची संभाव्यता) ०.०५ च्या खाली नाही.
- एखाद्या सहगुणकाचे (चल एकाने वाढला तर भाव किती बदलतो ते सांगणाऱ्या आकड्याचे) चिन्ह व्यवहाराच्या उलट आले आहे. उदाहरणार्थ, सरकी महागली की कापूस स्वस्त होतो असे तक्ता सांगतो.
- एक आठवडा काढला किंवा एक चल वाढवला की सहगुणक एकदम दुप्पट किंवा निम्मा होतो.
- प्रत्येक चल एकटा घेतला तर तो सार्थ ठरतो आणि सगळे एकत्र घेतले की कोणीच सार्थ उरत नाही.

पुढे बोलायला सोपे जावे म्हणून एक नमुना घेऊ. हे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, ते कोणत्याही बाजार समितीचे नाहीत. हंगामातील २४ आठवड्यांचा कापसाचा सरासरी भाव (रुपये प्रति क्विंटल) हा अवलंबी चल, म्हणजे ज्याचा अंदाज बांधायचा तो चल, आहे. रुईचा भाव (रुपये प्रति खंडी), सरकीचा भाव (रुपये प्रति क्विंटल) आणि आठवड्याची आवक (क्विंटल) हे तीन स्वतंत्र चल आहेत. तक्ता असा येतो (समायोजित आर-वर्ग म्हणजे चलांची संख्या लक्षात घेऊन कमी केलेला आर-वर्ग, प्रमाण त्रुटी म्हणजे सहगुणकातील अनिश्चितता, आणि टी म्हणजे सहगुणक भागिले प्रमाण त्रुटी):

आर-वर्ग ०.८१, समायोजित आर-वर्ग ०.७८, एफ २८.४, सिग्निफिकन्स एफ २.०६ई-०७

रुईचा भाव: सहगुणक ०.०६१, प्रमाण त्रुटी ०.०४६६, टी १.३१, पी ०.२१
सरकीचा भाव: सहगुणक ०.५२, प्रमाण त्रुटी ०.४६४, टी १.१२, पी ०.२८
आवक: सहगुणक −०.०१८, प्रमाण त्रुटी ०.०१७३, टी −१.०४, पी ०.३१

रुई आणि सरकी यांवर कापसाचा भाव ठरत नाही, असा निष्कर्ष यवतमाळ-वर्ध्याकडच्या कोणत्याही अडत्यासमोर काढला तर तो हसेल. त्याचे हसणे योग्य आहे. तरीही तक्ता खोटे बोलत नाही; आपण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा आहे आणि आपल्याला हवे असलेले उत्तर वेगळे आहे.

पहिली तपासणी: तक्ता नीट वाचला का?

एक्सेल फार लहान आकडा घातांकाच्या रूपात छापते. २.०६ई-०७ याचा अर्थ ०.००००००२०६ असा आहे, दोन पूर्णांक सहा शतांश असा नाही. ‘पी-मूल्य दोनपेक्षा जास्त आले म्हणून मॉडेल असार्थ’ हे वाक्य मी छापील अहवालांत वाचलेले आहे. पी-मूल्य ही संभाव्यता असल्यामुळे ते एकापेक्षा मोठे असूच शकत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी ही चूक टळते. ‘एफ’ आणि ‘सिग्निफिकन्स एफ’ हे शेजारचे दोन रकानेही गडबड करतात. पहिला रकाना चाचणीचे मूल्य देतो, दुसरा त्याचे पी-मूल्य देतो, आणि ०.०५ शी तुलना फक्त दुसऱ्याची करायची असते.

त्यानंतर दोन्ही चाचण्यांचे प्रश्न वेगळे करून घ्यावेत, कारण सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. एफ-चाचणीची शून्य परिकल्पना (जे विधान खरे धरून चाचणी सुरू होते ते) अशी असते की तिन्ही चलांचे सहगुणक एकाच वेळी शून्य आहेत. टी-चाचणीची शून्य परिकल्पना एका चलाबद्दल असते, आणि तीही बाकीचे दोन चल मॉडेलमध्ये आधीच बसलेले असताना. म्हणजे रुईच्या ओळीतील ०.२१ हे पी-मूल्य ‘रुईचा कापसाशी संबंध आहे का’ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. सरकीचा भाव आणि आवक ठाऊक असताना रुईचा भाव आणखी काही नवीन सांगतो का, एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर देते.

एफ हाताने पडताळून पाहावा. आर-वर्गाला चलांच्या संख्येने भागावे, उरलेल्या भागाला स्वातंत्र्याच्या मात्रांनी भागावे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावे. इथे ०.८१ भागिले ३ म्हणजे ०.२७, आणि ०.१९ भागिले २० म्हणजे ०.००९५, त्यांचा भागाकार २८.४ येतो. मात्रा २० का, तर २४ आठवड्यांतून तीन सहगुणक आणि एक स्थिरांक वजा केले म्हणून. हा भागाकार तक्त्याशी जुळला नाही, तर बहुधा अहवालात दोन वेगवेगळ्या वेळी चालवलेले निकाल एकत्र चिकटवलेले असतात.

असार्थ म्हणजे शून्य नव्हे, हेही याच पायरीवर पाहून घ्यावे. रुईच्या सहगुणकाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे सहगुणक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, काढायचा, तर २० मात्रांसाठीचे टी-मूल्य २.०८६ घेऊन तो उणे ०.०३६ ते अधिक ०.१५८ असा येतो. या पट्ट्यात शून्य आहे हे खरे, पण त्यात ०.०९५ सुद्धा आहे, आणि तो आकडा का महत्त्वाचा आहे ते पुढे येईल. रुंद पट्ट्याचा अर्थ ‘माहिती अपुरी आहे’ एवढाच होतो.

दुसरी तपासणी: ओळी मोजा

एक्सेलच्या तक्त्यातील ‘ऑब्झर्व्हेशन्स’ हा आकडा आपल्या वहीतील आठवड्यांच्या संख्येशी जुळवावा. २४ आठवडे असताना तिथे २५ दिसले तर शेवटची ‘एकूण’ किंवा ‘सरासरी’ ही ओळ निवडीत आलेली असते. ‘एकूण’ची अशी एक ओळ आर-वर्ग फुगवते, कारण एकूण आवक इतर आठवड्यांच्या कित्येक पट असते आणि रेषा त्या एकाच बिंदूकडे ओढली जाते.

दिवाळीच्या आठवड्यात बाजार बंद असतो आणि त्या दिवसांच्या भावाच्या जागी कोणीतरी शून्य भरून ठेवतो. भाव शून्य नव्हता, व्यवहारच झाला नव्हता. रुई, सरकी आणि कापूस या तिन्ही रकान्यांत एकाच ओळीत शून्य पडले की तिघांचे परस्परसंबंध कृत्रिमपणे वाढतात. नंतर आपण जे दुखणे शोधत बसतो ते अर्धेअधिक या शून्यांनीच निर्माण केलेले असते. अशी ओळ पूर्ण वगळावी आणि वगळल्याची नोंद अहवालात करावी.

मापांची भेसळही याच वेळी तपासावी. रुई खंडीत, म्हणजे ३५६ किलोच्या मापात, बोलली जाते. गाठ १७० किलोची धरतात. कापूस आणि सरकी क्विंटलमध्ये असते. हंगामाच्या मध्येच माहिती देणारा माणूस बदलला आणि त्याने खंडीऐवजी किलोचा भाव दिला, तर रकान्यात पंचावन्न हजारांच्या शेजारी दीडशे बसतो. रकान्याचे किमान आणि कमाल मूल्य काढले की ही चूक लगेच उघडी पडते. पहिल्या वेचणीच्या ओल्या कापसाचा भाव आणि नंतरच्या कोरड्या कापसाचा भाव एकाच रकान्यात असेल तर मात्र ती चूक नाही. तो सुटलेला चल आहे. ओलाव्याची टक्केवारी मिळत असेल तर ती वेगळा रकाना म्हणून घ्यावी.

तिसरी तपासणी: शून्य-एकच्या रकान्यांचा सापळा

महिना, तालुका किंवा बियाण्याचा वाण यांसाठी शून्य-एकचे रकाने केलेले असतील, तर गटांच्या संख्येपेक्षा एक रकाना कमी घ्यावा लागतो. चार तालुक्यांसाठी चार रकाने घेतले तर त्यांची बेरीज प्रत्येक ओळीत एक येते, आणि स्थिरांकाचा रकानाही एकच असतो. मग उत्तर एकमेव राहत नाही. एक्सेल अशा वेळी एका चलाच्या ओळीत सहगुणक ०, प्रमाण त्रुटी ०, टी-मूल्य ६५५३५ आणि पी-मूल्याच्या जागी ‘#नम!’ असे दाखवते. ६५५३५ हे टी-मूल्य पाहून ‘अत्यंत सार्थ’ असे लिहिणारे महाभागही भेटतात. एक रकाना काढा, आणि काढलेला गट हा तुलनेचा पाया आहे हे लक्षात ठेवून बाकीचे सहगुणक वाचा.

चौथी तपासणी: चलांचे आपापसांतील संबंध

इथपर्यंत सगळे ठीक असेल तर आता खऱ्या संशयिताकडे वळावे. स्वतंत्र चलांच्या प्रत्येक जोडीचा सहसंबंध काढावा. एक्सेलमध्ये ‘कोरेल’ या सूत्राने तो क्षणात येतो. आपल्या नमुन्यात रुई आणि सरकी यांचा सहसंबंध ०.९६ आहे. बंडीला जुंपलेले दोन्ही बैल सारख्याच चालीने चालत असतील तर बंडी ओढली गेली हे नक्की असते, पण कोणत्या बैलाने किती ओढले हे चाकाच्या खुणांवरून सांगता येत नाही. एफ-चाचणी बंडीबद्दल बोलते, टी-चाचणी एकेका बैलाबद्दल. यालाच मल्टिकोलिनिअरिटी म्हणतात.

तीन किंवा अधिक चल असताना केवळ जोड्यांचे सहसंबंध पुरत नाहीत, कारण एखादा चल बाकी दोघांच्या बेरजेसारखा वागत असू शकतो आणि कोणत्याही एका जोडीत ते दिसत नाही. सोयाबीनचे क्षेत्र, कपाशीचे क्षेत्र आणि खरिपाचे एकूण क्षेत्र हे तीन रकाने एकत्र घेणाऱ्या कृषी सेवा केंद्राच्या विक्री-अंदाजात नेमके हेच घडते. तिथे तूर थोडी असली म्हणजे पहिल्या दोघांची बेरीज जवळजवळ तिसऱ्याइतकी होते.

पाचवी तपासणी: व्हीआयएफ

व्हीआयएफ (व्हेरिअन्स इन्फ्लेशन फॅक्टर), म्हणजे इतर चलांशी असलेल्या संबंधामुळे प्रमाण त्रुटीचा वर्ग किती पट फुगला ते सांगणारा आकडा, एक्सेलच्या रिग्रेशन तक्त्यात येत नाही, तो वेगळा काढावा लागतो. रुईला अवलंबी चल करावे, सरकी आणि आवक यांना स्वतंत्र चल करावे, रिग्रेशन चालवावे आणि त्याचा आर-वर्ग एकातून वजा करून त्या आकड्याने एकाला भागावे. चल बरेच असतील तर सगळ्या सहसंबंधांचा चौरस तक्ता करून त्याचा व्यस्त तक्ता ‘एमइन्व्हर्स’ने काढावा. त्याच्या कर्णावर ओळीने सगळ्या चलांचे व्हीआयएफ मिळतात.

नमुन्यात रुईचा व्हीआयएफ सुमारे १२.६ येतो. याचा व्यावहारिक अर्थ त्याच्या वर्गमुळात आहे. १२.६ चे वर्गमूळ ३.५५; म्हणजे रुई इतर चलांपासून अगदी अलिप्त असती तर तिची प्रमाण त्रुटी आज आहे त्याच्या साडेतीन पटींनी लहान असती आणि टी-मूल्य तेवढ्याच पटीने वाढले असते. पी-मूल्य ०.२१ का आले याचे उत्तर इथे हाती लागते. रुईचा परिणाम अशक्त नाही, त्याचे मोजमाप धूसर झालेले आहे.

व्हीआयएफ ५ च्या वर गेला की सावध व्हावे आणि १० च्या वर गेला की दुखणे गंभीर समजावे, असा संकेत पाठ्यपुस्तकांत असतो. हा ढोबळ संकेत आहे, कायदा नव्हे. ओळी शेकड्यांनी असतील तर व्हीआयएफ १२ असूनही टी-मूल्ये सार्थ राहू शकतात, आणि तसे असेल तर काहीही दुरुस्त करायचे नसते. उलट १५ ओळींवर व्हीआयएफ ४ सुद्धा जड जातो. एखादा चल आणि त्याचाच वर्ग दोन्ही मॉडेलमध्ये असतील तर व्हीआयएफ मोठा येणारच. तिथे चलातून त्याची सरासरी वजा करून मग वर्ग केला की तो बराचसा उतरतो.

सहावी तपासणी: जोडीची एकत्रित चाचणी

ही तपासणी बहुतेक अहवालांत नसते, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोगाची हीच आहे. रुई आणि सरकी दोन्ही काढून फक्त आवक ठेवून रिग्रेशन पुन्हा चालवावे. नमुन्यात त्याचा आर-वर्ग ०.२५ येतो. दोन चल आल्यामुळे आर-वर्ग ०.२५ वरून ०.८१ वर गेला, म्हणजे ०.५६ ची भर पडली. या भरीला २ ने भागावे आणि पूर्ण मॉडेलच्या ०.००९५ ने पुन्हा भागावे, उत्तर २९.५ येते. २ आणि २० मात्रांसाठी ५ टक्के पातळीवरचे एफ-मूल्य ३.४९ आहे. रुई-सरकी ही जोडी निःसंशय सार्थ आहे.

अहवालात लिहायचे वाक्य आता तयार झाले: रुई आणि सरकी यांच्या भावांचा कापसाच्या भावावर एकत्रित परिणाम सार्थ आहे, परंतु उपलब्ध २४ आठवड्यांच्या माहितीवरून त्यांचा वेगवेगळा वाटा निश्चित करता येत नाही. केवळ अंदाज बांधण्यासाठी मॉडेल हवे असेल आणि पुढेही रुई-सरकी एकत्रच चढणार-उतरणार असतील, तर इथे थांबावे. काहीही काढण्याची गरज नाही.

दुरुस्ती करायचीच असेल तर

सगळ्यांना पहिला उपाय सुचतो तो एक चल काढण्याचा. सरकी काढून पाहू. आर-वर्ग ०.८१ वरून ०.८० वर येतो आणि रुईचा सहगुणक ०.११२, प्रमाण त्रुटी ०.०१४८, टी ७.६ असा होतो. विद्यार्थी खूश होतो. पण सहगुणक ०.०६१ वरून ०.११२ का झाला, हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला की उत्तर येत नाही. उत्तर असे आहे की काढलेल्या सरकीचा परिणाम आता रुईच्या नावावर जमा झालेला आहे. सरकी मॉडेलमधून गेली, बाजारातून गेली नाही. ‘रुई खंडीमागे हजार रुपयांनी वाढली तर कापूस क्विंटलमागे ११२ रुपयांनी वाढतो’ या वाक्यापुढे ‘सरकीही नेहमीप्रमाणे सोबत वाढली तर’ असे जोडावे लागते.

समायोजित आर-वर्गाबद्दल इथेच एक नियम सांगून ठेवतो, तो पडताळायला सोपा आहे. एखादा चल काढल्यावर समायोजित आर-वर्ग वाढतो की घटतो हे त्याच्या टी-मूल्यावर ठरते. टी-मूल्य चिन्ह सोडून एकापेक्षा कमी असेल तरच तो वाढतो. सरकीचा टी १.१२ असल्यामुळे तो ०.७८२ वरून ०.७७९ वर थोडासा घसरतो. म्हणजे समायोजित आर-वर्ग वाढला म्हणून चल सार्थ आहे असे मानणे चुकीचे आहे, कारण सार्थतेसाठी टी दोनच्या आसपास लागतो आणि समायोजित आर-वर्गाला एक पुरतो.

माझी पसंती दुसऱ्या उपायाला आहे, आणि तो व्यापारातील गणितावर उभा आहे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, उरलेली घट धरतात. उतारा वाणाप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे थोडा बदलतो. खंडी ३५६ किलोची असल्यामुळे रुई खंडीमागे एक रुपयाने वाढली तर क्विंटलभर कापसाचे मोल ३४ भागिले ३५६, म्हणजे सुमारे ०.०९५ रुपयांनी वाढायला हवे. सरकीसाठी हाच आकडा ०.६४ आहे. रिग्रेशनने ०.०६१ आणि ०.५२ दिले होते. दोन्ही या गणिताच्या जवळ आहेत आणि त्यांच्या विश्वास-अंतरालात हे आकडे सहज बसतात. ज्या चलांना तक्त्याने असार्थ म्हटले, त्यांचे सहगुणक जिनिंगच्या उताऱ्याशी मेळ खात आहेत.

मग दोन चलांऐवजी एकच चल करावा: एका क्विंटल कापसातून निघणाऱ्या मालाचे मोल. खंडीचा भाव ५५,००० असेल तर किलोला १५४.५ रुपये, ३४ किलोचे सुमारे ५,२५३ रुपये. सरकी क्विंटलला ३,५०० असेल तर ६४ किलोचे २,२४० रुपये. एकूण ७,४९३ रुपये. प्रत्येक आठवड्यासाठी हा रकाना तयार करून तो आणि आवक एवढ्यांवर रिग्रेशन चालवावे. व्हीआयएफचा त्रास संपतो, कोणताही परिणाम दुसऱ्याच्या नावावर जमा होत नाही, आणि सहगुणकालाही अर्थ येतो. इथे शून्याशी तुलना करण्यात फारसे स्वारस्य नसते. सहगुणक एकापासून वेगळा आहे का ते पाहावे, म्हणजे सहगुणकातून एक वजा करून प्रमाण त्रुटीने भागावे. तो एकापेक्षा सार्थपणे कमी आला तर मालाचे मोल वाढते तेवढे कास्तकाराच्या भावात उतरत नाही असे म्हणायला आधार मिळतो, आणि उत्पादक कंपनीच्या बैठकीत असे वाक्य अख्ख्या तक्त्यापेक्षा जास्त ऐकले जाते.

तिसरा उपाय जास्त माहिती गोळा करण्याचा. रुई आणि सरकी वेगवेगळ्या दिशांना गेल्या असतील असे हंगाम मिळाले तर तो सर्वोत्तम उपाय ठरतो. एकाच हंगामातील आठवड्यांचे दिवस करून ओळी वाढवल्याने मात्र फारसे हाती लागत नाही, कारण रोजचा भाव कालच्याच भावाला चिकटून असतो.

एक गोष्ट मुळीच करू नये. दहा-पंधरा चल घ्यायचे, पी-मूल्य मोठे दिसेल तो चल काढत जायचे आणि शेवटी उरलेल्यांची पी-मूल्ये पहिल्याच प्रयत्नात मिळाल्यासारखी छापायची, ही पद्धत सर्रास चालते. ५ टक्के पातळीवर २० निरर्थक चल तपासले तर सरासरीने एक चल निव्वळ योगायोगाने सार्थ निघतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली ५ टक्क्यांची पातळी सोयीची खूण म्हणून मांडली होती, आणि अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली स्वतंत्र निवेदन काढून सांगितले की पी-मूल्य हे परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता मोजत नाही आणि केवळ त्या एका आकड्यावर व्यावसायिक निर्णय घेऊ नयेत. कोणते चल काढले आणि का काढले, हे अहवालात लिहिले तर निम्मा दोष निघून जातो.

सातवी तपासणी: अवशेष आणि काळ

आतापर्यंतच्या सगळ्या टी आणि एफ मूल्यांचा भरवसा एका गृहीतकावर आहे: एका आठवड्याची चूक पुढच्या आठवड्याच्या चुकीशी जोडलेली नसावी. भावांच्या माहितीत हे गृहीतक वारंवार मोडते. रिग्रेशन चालवताना ‘रेसिड्युअल्स’ची खूण करून अवशेष (प्रत्यक्ष भाव आणि मॉडेलने दिलेला भाव यांतील फरक) छापून घ्यावेत आणि आठवड्यांच्या क्रमाने त्यांचा आलेख काढावा. सलग पाच-सात अवशेष शून्याच्या वर आणि मग सलग तितकेच खाली दिसले तर संशय बळावतो. आकड्यात मोजायचे असेल तर जेम्स डर्बिन आणि जेफ्री वॉटसन यांनी १९५० आणि १९५१ च्या लेखांत मांडलेली चाचणी वापरावी. लागोपाठच्या अवशेषांतील फरकांच्या वर्गांची बेरीज घ्यावी आणि तिला अवशेषांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. उत्तर २ च्या जवळ असेल तर ठीक. २४ ओळी आणि ३ चलांसाठी ५ टक्के पातळीच्या मर्यादा १.१० आणि १.६६ आहेत, १.१० च्या खाली उत्तर आले तर अवशेष एकमेकांना चिकटलेले आहेत, आणि मधल्या पट्ट्यात आले तर चाचणी निर्णय देत नाही.

अशा वेळी छापलेल्या प्रमाण त्रुटी बहुधा खऱ्यापेक्षा लहान असतात, म्हणून हा बिघाड पहिल्या बिघाडाच्या उलट दिशेने फसवतो. जे सार्थ नाही ते सार्थ दिसते. काळाबरोबर चढत जाणाऱ्या कोणत्याही दोन मालिका एकमेकींवर सार्थ दिसू शकतात, हे उडनी यूल यांनी १९२६ साली आणि ग्रेंजर व न्यूबोल्ड यांनी १९७४ साली दाखवून दिले आहे. सोपा उपाय म्हणजे भावाऐवजी आठवड्यागणिक झालेला बदल घेऊन रिग्रेशन पुन्हा चालवणे. सगळ्याच मालिका हंगामभर एकत्र चढत असल्यामुळे सहसंबंध वाढला असेल, तर या एका कृतीने तोही पुष्कळदा उतरतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पुढीलपैकी काहीही समोर आले तर एक्सेल बंद करावे. घरगुती दुरुस्तीने अशा ठिकाणी बिघाड झाकला जातो, निघत नाही.

पहिले म्हणजे दुतर्फा परिणाम. आवक वाढली की भाव पडतो हे खरे, पण भाव पडला की कास्तकार कापूस घरातच रचून ठेवतो हेही तेवढेच खरे. आवक भाव ठरवते आणि भाव आवक ठरवतो, तेव्हा आवकेचा साधा सहगुणक दोन परिणामांची खिचडी असतो, आणि व्हीआयएफ एक असला तरी तो चुकीचाच राहतो. त्यासाठी वेगळ्या पद्धती लागतात आणि त्यांतली निवड अनुभवी माणसानेच करावी. आपल्या नमुन्यातील आवकेच्या ओळीवर मी काही निष्कर्ष काढला नाही, त्याचे कारण हेच.

दुसरे, हमीभावाची सरकारी खरेदी हंगामाच्या मध्येच सुरू किंवा बंद झाली असेल, तर एकाच मालिकेत दोन वेगवेगळे बाजार असतात. तिसरे, अवलंबी चल हो किंवा नाही अशा स्वरूपाचा असेल, जसे की पीककर्ज फेडले की थकले, तर हे रिग्रेशन मुळात त्या कामाचे नाही. चौथे, बऱ्याच गावांची बऱ्याच वर्षांची माहिती एकाखाली एक रचली असेल तर ओळींची संख्या फसवी असते आणि छापलेल्या मात्रा विश्वासाच्या राहत नाहीत. पाचवे, डर्बिन-वॉटसन खालच्या मर्यादेच्या खाली आहे आणि बदल घेऊनही सुधारत नाही. आणि सहावे, निकालावर पैसा लागणार असेल: गोदामाचे कर्ज, वायद्यातील सौदा, सभासदांना आगाऊ जाहीर करायचा भाव. तिथे तक्ता कितीही स्वच्छ दिसला तरी दुसऱ्या जाणत्या डोळ्यांखालून तो गेलाच पाहिजे.

विदर्भात यासाठी फार लांब जावे लागत नाही. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांत संख्याशास्त्र शिकवणारी मंडळी आहेत, आणि शेतमालाचा विषय असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विचारावे. जाताना फक्त छापील तक्ता घेऊन गेल्यास काम अडते, कारण त्यावरून ओळी तपासता येत नाहीत. मूळ माहितीची फाइल, प्रत्येक रकान्याचे माप, वगळलेल्या आठवड्यांची यादी आणि काढून टाकलेल्या चलांची यादी सोबत न्यावी. कोणता निर्णय घ्यायचा आहे हे एका वाक्यात लिहून न्यावे. निव्वळ अंदाज हवा आहे की प्रत्येक चलाचा वेगळा वाटा हवा आहे, हे त्या वाक्यातून कळले तर जाणकाराला पहिल्या पाच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.